काळी, पांढरी आणि छावणी

गेल्या श्रावणात, आमच्याकडे झड लागलेली असताना, एका सकाळी साडेसहाच्या सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा अमेरिकेहून फोन आला. त्याच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. मुलगा परतवाड्याचा, वडील लाकडाच्या वखारीवर हिशेब लिहीत. पोरगा शिकला, पुण्याला गेला, तेथून टेक्सस राज्यात पोचला आणि डल्लास या मोठ्या शहराच्या उत्तरेला फ्रिस्को नावाचे उपनगर आहे, तेथे त्याने घर घेतले. क्षेमकुशल झाल्यावर मी सहज विचारले, "काय करतो आहेस?" तर म्हणाला, "घराले पाणी देऊन राह्यलो, गुरुजी."

मला वाटले, झाडांना म्हणायचे असेल. परदेशात राहून मुलांचे मराठी बिघडते, हे आम्ही मास्तर लोक गृहीतच धरतो. पण तो खरोखरच घराला पाणी देत होता. तिकडची जमीन आपल्यासारखीच काळीभोर, चिकण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. माती पायापासून सुटली की भिंती तडकतात. म्हणून उन्हाळाभर घराच्या कडेने भोके असलेली नळी टाकून लोक पायाला ओल देत राहतात. "आपल्या वावरासारखी माती हाय, गुरुजी. नांगरली तर पऱ्हाटी येईन," तो म्हणाला. त्याचे बरोबर होते. त्या मुलखाचे नावच मुळी 'काळ्या भूमीचे माळरान' असे आहे आणि शंभर वर्षांपूर्वी तेथे कापूसच पिकत असे.

मला हसू आले आणि मग हसू मावळले. आपल्या वाडवडिलांनी जमिनीचे दोन भाग केले होते. वस्तीची ती पांढरी आणि शेताची ती काळी. जुन्या कागदांत गाव म्हणजे 'काळी-पांढरी' असेच लिहिलेले सापडते. पांढरीवर राहावे, काळीत पेरावे. काळीत घर बांधणे हा वेडेपणा समजत, कारण ती माती धान्य देते पण भिंत धरीत नाही. आता सातासमुद्रापलीकडे माझा विद्यार्थी काळीत घर बांधून त्याला पाणी पाजीत होता. इकडे आमच्या गावाभोवती काय चालले आहे, ते पुढे येईलच.

फ्रिस्कोची हकीगत त्याने मोठ्या हौसेने सांगितली. पूर्वी तेथून जवळच लेबनन नावाचे जुने गाव होते. गुरांचे कळप उत्तरेकडे हाकण्याचा जो जुना मार्ग, त्याच्या काठी ते वसलेले. १९०२ साली आगगाडी आली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनाला ठराविक अंतरावर पाणी लागे आणि लेबनन तर उंचवट्यावर. म्हणून रुळवाल्यांनी पश्चिमेला चार मैलांवर, सखल जागी, पाण्याचा थांबा केला. झाले! लेबननच्या लोकांनी काय करावे? काहींनी आपली लाकडी घरे उपटली, ओंडक्यांवर ठेवली आणि गडगडत नव्या ठिकाणी नेली. रेल्वे कंपनीच्या नावावरून त्या ठाण्याचे नाव फ्रिस्को पडले. १९९० साली तेथे सहा हजारांच्या आसपास वस्ती होती. २०२० च्या खानेसुमारीत दोन लाखांवर गेली. आणि लेबनन? ते त्याच शहराच्या पोटात कोठेतरी जिरून गेले.

"हे तुला कसे ठाऊक?" मी विचारले. मुलीला शाळेत गावाचा इतिहास लिहून आणायला सांगितला होता, तेव्हा बापलेकींनी मिळून लिहिला. मग त्या पोरीने विचारले, "बाबा, तुमचं गाव कोणी वसवलं?" आणि हा गप्प. म्हणून मला फोन. मी लगेच सुरू झालो. इल राजाची कथा, अल्लाउद्दीन, इमादशाही, नवाब. पाच-सात मिनिटे बोललो असेन. तो शांतपणे ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "गुरुजी, ते अचलपूरचं झालं. परतवाड्याचं सांगा ना."

माझी जीभ टाळ्याला चिकटली. हा मुलगा चार वर्षे माझ्या वर्गात बसला. दररोज परतवाड्याहून सायकलीने अचलपुरात येई. मी त्याला अचलपूरचा इतिहास पाठ करून घेतला आणि तो ज्या गावात जन्मला, ज्या गावातून रोज येई, त्याविषयी एक वाक्य सांगितले नाही. मला वाटत आले होते की परतवाड्याला इतिहासच नाही. तो कॅम्प! कॅम्पाला कसला इतिहास?

अचलपूरला मात्र इतका इतिहास आहे की त्याचे ओझे होते. इसवी सन ६३१ च्या सुमारास नन्नराज या राष्ट्रकूट राजाने तिवरखेडचा ताम्रपट दिला तो अचलपुरातून. म्हणजे हे नाव तेराशे वर्षांहून जुने. मुक्तागिरीच्या जैन तीर्थाचा ठावठिकाणा जुन्या ग्रंथांनी अचलपुरावरूनच सांगितला आहे. १२९६ साली देवगिरीवर जाताना अल्लाउद्दीन खिलजीने मुक्काम केला तो येथेच. पंधराव्या शतकाच्या अखेरीस फतेहउल्ला इमादउल्मुल्क बहमनी सत्तेतून फुटून निघाला आणि वऱ्हाड स्वतंत्र राज्य झाले. १५७४ साली अहमदनगरच्या निजामशाहीने ते गिळले. त्यानंतर मोगल, मग निजाम, मग निजामाच्या हाताखालचे पठाण नवाब. सुलतानपुरा, सरमसपुरा, बिलनपुरा, अशी एकामागून एक पुऱ्यांची नावे. दुल्हा दरवाजा, परकोटाचे अवशेष, गावाबाहेरचा अष्टकोनी हौज कटोरा. आमच्या गावात खड्डा खणावा तर पाण्याआधी विटा लागतात. पिढ्यान् पिढ्यांच्या पडक्या घरांची माती साचून तयार झालेली ही पांढरी आहे.

परतवाडा अचलपुरापासून कोसभर अंतरावर, सापन आणि बिच्छन या नद्यांच्या बाजूला, मेळघाटाच्या पायथ्याशी. त्याची कथा सुरू होते ती एका पगारापासून, आणि ती सांगण्यासाठी १८०३ साली जावे लागते.

त्या वर्षीच्या २९ नोव्हेंबरला अडगावच्या मैदानात आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. तेथून तो एलिचपुराकडे वळला (अचलपूरला तेव्हा सारे एलिचपूरच म्हणत), जखमी लोकांची तेथे सोय लावली आणि डोंगर चढून १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. मुलूख निजामाच्या पदरात पडला. पण देणारा हात इंग्रजांचा होता, आणि देणारा हिशेब ठेवतो.

तो हिशेब म्हणजे हैदराबाद कंटिंजंट. फौज निजामाची, पगार निजामाचा, अंमलदार मात्र इंग्रज. १८१३ साली हैदराबादच्या रसेल नावाच्या रेसिडेंटाने तिची कवायती उभारणी सुरू केली. एलिचपूरचा नवाब सलाबतखान याने निजामासाठी उभारलेल्या दोन पलटणीही पुढे याच फौजेत आल्या. हिंगोली, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, अशा ठिकाणी तिच्या छावण्या पडल्या आणि त्यांतली एक मोठी छावणी एलिचपूरची. ती शहरात नव्हती. शहरात गल्ल्या, परकोट, नवाबाची माणसे. इंग्रजांना मोकळी हवा, वाहते पाणी आणि घोड्यांना मैदान हवे. म्हणून त्यांनी कोसभर दूर, डोंगराच्या कुशीत तंबू ठोकले. तोच परतवाडा.

येथे जरा थांबतो, कारण सबंध वऱ्हाडच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट या तंबूंशी बांधलेली आहे. या फौजेचा पगार निजामाला झेपेना. बाकी थकत गेली, कर्ज चढत गेले. लढाई नाही, शत्रू नाही. फौज मात्र दर महिन्याला खात होती. अखेर १८५३ साली तह झाला आणि फौजेच्या खर्चासाठी म्हणून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या हवाली झाले. १८६० साली धाराशिव व रायचूर परत मिळाले; वऱ्हाड राहिले. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' आपण कौतुकाने म्हणतो. पण ती कुऱ्हाड ज्या दांड्यासाठी गहाण पडली, तो दांडा येथे परतवाड्याच्या मैदानावर रोज सकाळी कवायत करीत होता. मी किती वर्षे १८५३ चा तह फळ्यावर लिहिला! त्या तहातल्या फौजेचे एक ठाणे शाळेपासून सायकलच्या वाटेवर आहे, हे मुलांना सांगावे, असे मला सुचले नाही.

छावणी म्हणजे केवळ शिपाई नव्हेत. एका शिपायामागे चार पोटे येतात. सदर बाजार येतो, वाणी येतात, धोबी, भिस्ती, शिंपी, मोची, कलाल, खाटीक, गवतकापे येतात. तेलंगी येतात, परदेशी येतात, मुसलमान, मारवाडी, गोव्याकडचे बबर्ची येतात. कोणाचाच येथे वाडा नव्हता, कोणाचीच वतनदारी नव्हती. अचलपुरात माणसाला आधी त्याचा पुरा विचारीत. छावणीत त्याचा धंदा विचारीत. मला आता वाटते, परतवाड्याचा स्वभाव तेव्हाच ठरला. साहेबांना उन्हाळा सोसेना तेव्हा १८२३ साली याच फौजेतला रॉबिन्सन नावाचा कप्तान वर चढला आणि चिखलदऱ्याचे थंड हवेचे ठिकाण झाले. तेथे जायची वाट परतवाड्यावरूनच. छावणीने स्वतःसाठी रस्ता केला, आणि पुढे छावणी उठली तरी रस्ता उठला नाही. बाकीची कथा त्या रस्त्याचीच आहे.

इकडे काळीत दुसरे वारे सुटले होते. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. त्याच सुमारास आगगाडी आली आणि १८६७ साली नागपुराला पोचली. तिने बडनेऱ्याचा मार्ग धरला, अमरावतीला फाटा दिला. एलिचपूर, एके काळची राजधानी, पन्नास किलोमीटर बाजूला पडले. अमरावती फुगत गेली, एलिचपूर वाळत गेले. आमच्या लेबननचे दैव तेथेच ठरले असे म्हणावे, तर आमचा लेबनन आगगाडीच्या रुळांकडे घरे गडगडवीत गेला नाही. तो परकोटाला टेकून बसून राहिला.

१९०१ च्या खानेसुमारीत एलिचपूर शहरात २६,०८२ माणसे होती. शेजारच्या छावणीच्या वस्तीत १०,४१०. छावणी शंभर वर्षांची नव्हती, शहर हजार वर्षांचे होते. तरी पोराची उंची बापाच्या खांद्याच्या जवळ आली होती.

आणि मग एकदम आभाळ कोसळले. १९०२ च्या नोव्हेंबरात कर्झनसाहेबाने निजामाशी नवा करार केला. वर्षाला पंचवीस लाख रुपये खंड देऊन वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. ज्या फौजेच्या पगारासाठी मुलूख गहाण होता, ती फौज १९०३ साली मोडून हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळून टाकली. मुलूख ठेवला, निमित्त मोडले! एलिचपूरची छावणी उठली. सलाबतखानाच्या पलटणींचा वंश मात्र तुटला नाही. ती फौज पुढे हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ साली तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट पडले. हिमालयातल्या बर्फात उभ्या राहणाऱ्या कुमाऊँच्या जवानाला कोणी सांगितले की तुझ्या रेजिमेंटचे एक मूळ वऱ्हाडातल्या सापन नदीच्या काठी आहे, तर त्याला खरे वाटेल का? १९०५ साली दुसरा घाव बसला. एलिचपूर हा जिल्हा होता. तो मोडून अमरावतीत घातला. दोन वर्षांत फौज गेली आणि कचेऱ्यांचा मान गेला. ज्या बाजाराचे गिऱ्हाईकच गणवेश घालून निघून गेले, तो बाजार उद्या सकाळी दुकान कशासाठी उघडणार?

हा प्रश्न मला छळू लागला, तेव्हा पुन्हा त्या विद्यार्थ्याच्या मुलखाची आठवण झाली. फ्रिस्कोपासून तास-दीड तासाच्या वाटेवर फोर्ट वर्थ नावाचे शहर आहे. त्याचे चरित्र मी मिळेल तेथून वाचून काढले, आणि परतवाड्याची कुंडली परक्या लिपीत वाचल्यासारखे झाले. १८४९ च्या जूनमध्ये मेजर अर्नोल्ड नावाच्या अंमलदाराने ट्रिनिटी नदीच्या कड्यावर लष्करी ठाणे घातले. चारच वर्षांनी, १८५३ साली, म्हणजे ज्या वर्षी वऱ्हाड गहाण पडले त्याच वर्षी, फौज पुढे निघून गेली आणि ठाणे रिकामे पडले. आसपासच्या लोकांनी काय केले? त्या रिकाम्या बराकींत दुकाने मांडली. जॉन पीटर स्मिथ नावाच्या एका तरुणाने एका बराकीत शाळा काढली. (पुढे तो त्या गावचा नगराध्यक्ष झाला, मास्तरांनी धीर सोडू नये.) जवळच्या जुन्या गावातून जिल्ह्याची कचेरी आपल्याकडे ओढून आणली. १८७३ सालच्या मंदीत येऊ घातलेली आगगाडी वाटेतच थांबली, माणसे गाव सोडून गेली, आणि कोणी तरी डल्लासच्या वर्तमानपत्रात थट्टा केली की फोर्ट वर्थच्या रस्त्यात आपण चित्ता झोपलेला पाहिला, इतके गाव सुनसान. गावकऱ्यांनी रागावण्याऐवजी चित्ता हेच गावाचे चिन्ह केले, आणि रूळ अडले तेव्हा स्वतः फावडी घेऊन मातीकामाला गेले. १८७६ च्या जुलैत गाडी आली. १९०० साली फोर्ट वर्थची वस्ती सव्वीस हजारांवर होती. आमच्या एलिचपुराएवढीच! आज ती नऊ लाखांच्या पुढे आहे. तुलना करून मला रडायचे नाही. अमेरिकेचे पैसे आणि आपले पैसे निराळे. मला एवढेच दिसले की फौज गेल्याने गाव मरतेच असे नाही. फौजेने मागे काय ठेवले आणि लोकांनी त्याचे काय केले, यावर ते आहे.

फौजेने परतवाड्याला ठेवला रस्ता, बंगले आणि कचेऱ्यांच्या इमारती. आणि डोंगराने दिले सागवान. मेळघाट इंग्रजांनी राखीव केला आणि त्याचे लाकूड खाली उतरायचे ते परतवाड्याला. जंगलखात्याचा डेपो, लिलाव, आरागिरण्या, वखारी. माझ्या लहानपणी परतवाड्यात शिरताच सागाच्या भुश्याचा वास येई. तो वास म्हणजे माझ्या दृष्टीने परतवाडा. वरच्या पाड्यांतले कोरकू आठवड्याच्या बाजाराला खाली उतरत. मोहफुले, डिंक, मध, चारोळी घेऊन येत आणि मीठ, कापड, कुदळी घेऊन जात. या व्यवहारात त्यांना काय भाव मिळे, हा बाजाराच्या इतिहासातला अभिमानाचा भाग नव्हे, आणि गावाचे चरित्र लिहिताना तो गाळू नये. शिपायाची जागा कोरकू गिऱ्हाइकाने घेतली. फरक एवढाच, की शिपायाच्या मागे सरकार उभे होते. पुढे धारणीची, बैतूलची वाहतूक याच तोंडाने सुरू झाली. १९७४ साली मेळघाटात व्याघ्रप्रकल्प झाला, तेव्हा लाकूड हळूहळू आटले आणि सफारीचे प्रवासी वाढले. तोवर आसपासच्या काळीत संत्र्याच्या बागा उभ्या राहिल्या होत्या आणि परतवाड्याच्या मंडीत ट्रक लागू लागले. एक धंदा गेला की हे गाव दुसरा शोधते. आम्ही परकोटातले लोक याला बाजारूपणा म्हणत आलो.

आगगाडी आमच्याकडे आली ती फार उशिरा आणि फार बारकी. किलिक निक्सन या विलायती कंपनीने अडीच फुटी रुळांची गाडी मूर्तिजापुराहून १९१३ साली एलिचपूरपर्यंत आणली, ७६ किलोमीटर. तिला लोक शकुंतला म्हणू लागले. या मार्गावर १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले इंजिन १९९४ पर्यंत धावले. देश स्वतंत्र झाला, सगळी रेल्वे राष्ट्राची झाली, पण हे रूळ कंपनीचेच राहिले. ती इतकी सावकाश जाई की माणसे चालत्या गाडीतून उतरून शेंगा तोडून पुन्हा चढत, असे आमच्या आजोबांची पिढी सांगे. मी त्यातले निम्मे खरे धरतो. अलीकडच्या वर्षांत तीही थांबली. ब्रॉडगेज व्हावी म्हणून सत्याग्रह झाले, निवेदने गेली. फोर्ट वर्थच्या लोकांनी फावडी उचलली हे वाचले, तेव्हा माझ्या मनात आमचे निवेदनांचे गठ्ठे आले. पण फावडे उचलायलाही जमीन आपली असावी लागते.

गिरण्यांचेही तसेच. आमची विदर्भ मिल एके काळी गावाचे घड्याळ होती. भोंगा झाला की चुली पेटत. ती संपली. पुढे मुंबईच्या गिरणगावातल्या फिनले मिलचे नाव घेऊन नवी गिरणी अचलपुरात उभी राहिली, पोरांना वाटले दिवस पालटले, आणि २०२० च्या टाळेबंदीत तिचीही चाके थांबली. असो.

दोन्ही गावे मिळून आता एकच नगरपरिषद. २०११ च्या जनगणनेत दोहोंची मिळून वस्ती १,१२,३११ भरली. कागदावर 'अचलपूर', पत्त्यात मात्र कोणी 'सिटी' लिहितो, कोणी 'कॅम्प'. अचलपूर जिल्हा व्हावा ही मागणी जुनी आहे, म्हणजे १९०५ साली गेलेले परत द्या, एवढेच तिचे म्हणणे. पण सभेत जिल्ह्याची मागणी करायची ती अचलपूरच्या नावाने आणि कचेऱ्या कोठे बांधायच्या असे विचारले की सगळ्यांची बोटे परतवाड्याकडे जातात. माझे आजोबा 'कॅम्पात जाऊन येतो' असे म्हणत, ते जणू परमुलखात जाऊन येतो अशा सुरात. मीही तसेच म्हणतो. डॉक्टर कॅम्पात, बँक कॅम्पात, मोठे कापडदुकान कॅम्पात, मोटारस्थानक कॅम्पात. आणि सायंकाळी परकोटात परत येऊन आम्ही इमादशाहीच्या गोष्टी सांगतो. लेबननचे लोक घरे गडगडवीत घेऊन गेले. आमची घरे जागच्या जागी राहिली आणि मुले गडगडत गेली.

आणि आता परतवाडाही जुना झाला. त्याच्या पलीकडे कांडली आहे, देवमाळी आहे. कांडलीला २०११ च्या जनगणनेने नगर म्हटले, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. तेथे ले-आऊट पडतात. काल ज्या वावरात पऱ्हाटी उभी होती, तेथे चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खुंट आणि कमानीवर एखाद्या देवाचे नाव. मेळघाटात नोकरी करणारे मास्तर, तलाठी, वनरक्षक. खेड्यातली शेती विकून मुलांच्या शिक्षणासाठी आलेले शेतकरी. आणि आमच्या परकोटातली तरुण जोडपी. कोणाचेच आजोबा तेथले नाहीत. दोनशे वर्षांपूर्वीच्या छावणीत जसे होते, तसेच.

आमच्या घरातही हा विषय दोन वर्षे चालू आहे. "अहो, भिंतीला ओल आली, गल्लीत गाडी वळत नाही, पोरीला शिकवणीला दोनदा कॅम्पात जावं लागतं," असे सौभाग्यवती म्हणतात. मी म्हणतो, पणजोबांनी बांधलेले घर आहे. त्या म्हणतात, पणजोबांना शिकवणी नव्हती. यावर आजवर मला उत्तर सुचलेले नाही.

त्या विद्यार्थ्याला मी अखेर पत्र लिहिले. फोनवर सांगण्यासारखे नव्हते. तुझे गाव कोण्या राजाने वसवले नाही, असे लिहिले. ते एका थकलेल्या पगाराने वसवले. वाण्यांनी, भिस्त्यांनी, लाकूडतोड्यांनी, डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या कोरकू बायांनी आणि तुझ्या वडिलांसारख्या हिशेब लिहिणाऱ्यांनी वाढवले. १८०३, १८५३, १९०३ ही तीन साले मुलीला पाठ करायला सांग, पन्नास-पन्नास वर्षांचे अंतर असल्याने सोपी जातील. त्याचे उत्तर आले. पोरीने वर्गात वाचून दाखवले म्हणे. आणि तिच्या बाईंनी विचारले की फौज गेल्यावर लोक का गेले नाहीत. त्यावर तिने काय उत्तर दिले, ते त्याने लिहिलेले नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही कांडलीला एक प्लॉट पाहायला गेलो. घ्यायचा असे ठरलेले नाही, नुसता पाहायला. मिस्त्री आधीच आला होता. कोपऱ्यात त्याने खड्डा घेऊन ठेवला होता. मी वाकून पाहिले, तर वरपासून तळापर्यंत काळी, ओली, चमकणारी. कोठे विटेचा तुकडा नाही, खापर नाही. कडेला गेल्या हंगामातले पऱ्हाटीचे खुंट अजून होते.

"किती खोल आहे?" मी विचारले.

"आठ फूट तं काळीच हाय, गुरुजी," मिस्त्री म्हणाला. "त्याच्या खाली मुरूम लागते. पाया तिथलोक न्या लागीन. खर्च वाढते, पन घर हालत नाई."

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी खिशातून टेप काढला आणि दुसरे टोक त्यांच्या हाती दिले.